ताणावरची बाग आणि स्वतःहून शिकणारा पंप

पार्श्वभूमी

जुळे सोलापुरात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर चालणारी ही सॉफ्टवेअर कंपनी आठ-दहा जणांची. सुरुवातीचं काम टॉवेलच्या कारखान्यांचं: कोणता माग किती वेळ थांबला, कशामुळे थांबला, याची नोंद ठेवायची. यंत्राला सेन्सर लावायचा, जागेवरच्या छोट्या पेटीत निर्णय घ्यायचा आणि सर्व्हरला सवडीनं कळवायचं, ही रीत तिथं त्यांच्या हातात बसली. तीच रीत पुढं त्यांनी डाळिंबाकडे नेली, आणि सोलापुरात ते ओघानंच आलं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून इथंच आहे, सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि कंपनीतल्या निम्म्या पोरांच्या घरी सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागात बागा आहेत.

त्यांना सोडवायचा होता तो प्रश्न गावाकडच्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. शेतीच्या फीडरला थ्री फेज लाईट ठरावीक तासच असते, कधी दिवसपाळीला, कधी रात्रपाळीला. रात्रपाळी आली की बॅटरी घेऊन, साप-विंचवाचा अंदाज घेत व्हॉल्व्ह बदलायला जायचं. म्हणून जवळजवळ प्रत्येक पंपाला ऑटो स्टार्टर असतो. लाईट आली की मोटर आपोआप चालू. पण कुठल्या प्लॉटला किती वेळ पाणी द्यायचं, हे ऑटो स्टार्टरला कळत नाही. कंपनीची पेटी नेमकं तेवढं करत होती.

मला या प्रकरणात बोलावलं ते तक्रारी वाढल्यावर, पेट्यांच्या नोंदी वाचून बाहेरच्या माणसाच्या नजरेनं काय दिसतं ते सांगायला. नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील इथं काढून टाकले आहेत. ज्यांच्या बागेभोवती हे सगळं फिरतं त्यांना तात्या म्हणू.

यंत्रणा कशी होती

पहिल्या आवृत्तीत साधे उंबरठे होते. जमिनीत दोन खोलींवर ओलाव्याचे सेन्सर. ओल अमुक आकड्याखाली गेली की व्हॉल्व्ह उघड, तमुक आकड्यावर आली की मिट. सांगोल्याकडची मुरमाड जमीन आणि पंढरपूरकडची भारी काळी जमीन यांना एकच आकडा चालत नाही, म्हणून प्रत्येक बागेत जाऊन तो हातानं बसवावा लागे. बागा वीसेक झाल्या तेव्हा तेवढी माणसं कंपनीकडे उरली नाहीत.

दुसरी आवृत्ती म्हणून स्वतःला जुळवून घेणारी केली. आयबीएमनं २००१ साली स्वयंशासित संगणनाची कल्पना मांडली आणि २००३ साली केफार्ट व चेस यांच्या लेखातून तिची चौकट सर्वत्र पोहोचली: निरीक्षण, विश्लेषण, नियोजन, अंमलबजावणी, आणि या चौघांच्या मध्ये साठवलेलं ज्ञान. कंपनीनं तीच चौकट घेतली. पेटी दर काही मिनिटांनी ओल, पाइपातला दाब आणि तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजायची. ओल अपेक्षेपेक्षा लवकर उतरली तर का, याचा अंदाज बांधायची. पुढच्या पाळीत कुठला प्लॉट आधी, किती मिनिटं, हे ठरवायची आणि व्हॉल्व्ह हलवायची. रोज रात्री सर्व्हर त्या दिवसाच्या नोंदींवरून त्या बागेचे उंबरठे आणि पाण्याची मात्रा थोडी थोडी बदलायचा. सेन्सर मेला तर हवामानाच्या आकड्यांवरून पेनमन-मॉन्टिथ समीकरणानं जमिनीतून आणि पानांतून उडणाऱ्या पाण्याचा अंदाज घेऊन काम चालू ठेवायचं, अशीही सोय होती. मोबाइलची रेंज गेली तरी पेटी अडत नसे.

पहिला उन्हाळा झकास गेला. नवीन जोडलेल्या बागेचे आकडे आठ-पंधरा दिवसांत आपोआप बसायचे, फेऱ्या वाचायच्या. कंपनीच्या पडद्यावर एक मोठा आकडा होता: दिवसाच्या किती टक्के वेळ ओल हव्या त्या पट्ट्यात राहिली. तो वर गेला की सगळे खूश.

एक नियम नंतर, एका प्रसंगातून जोडलेला होता. कुणा बागायतदारानं ॲपवर पाणी बंद केलं, घरच्या लग्नाच्या धांदलीत पुन्हा चालू करायचं राहून गेलं आणि नवी लागवड सुकली. त्यावर कंपनीनं ठरवलं की पाणी बंद असतानाही ओल अगदीच तळाला गेली आणि कुणी काही कळवलं नाही, तर ते विसरलं असं धरायचं आणि रात्री थोडंसं जीवरक्षक पाणी सोडायचं. नियम समंजस होता. त्या बैठकीत मी असतो तर मीही होच म्हटलं असतं.

काय बिघडलं

डाळिंबाचा बहर धरण्याआधी बाग ताणावर सोडतात. मृग बहरासाठी एप्रिल-मे महिन्यांत, जमिनीच्या मगदुरानुसार महिना-दीड महिना पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून गळायला लागतात, उरलेली इथ्रेलच्या फवारणीनं गाळायची, हलकी छाटणी करायची, खतं द्यायची आणि मग पहिलं पाणी. ताण नीट बसला तर कळी एकदम आणि भरघोस निघते. नाही बसला तर कळी मागंपुढं निघते, फळं लहानमोठी होतात, तोडणी लांबते, फवारण्या वाढतात. बागायतदाराच्या वर्षातला हा सगळ्यात नाजूक महिना.

तात्यांनी ताण धरला, ॲपवर पाणी बंद केलं. तीन आठवड्यांनी बागेच्या एका अंगाला पानं अजून काळीशार हिरवी. ड्रीपरखाली माती उकरून पाहिली तर ओल. त्यांनी कंपनीला फोन केला तो शब्दशः मदतकक्षाच्या नोंदीत आहे: "बागंला म्या उपाशी ठेवलीया, अन् तुमचं मशीन रातच्याला तिला चोरून जेवू घालतंय."

पहिला निर्णयाचा क्षण हा होता, आणि तो हातातून गेला. फोन घेणाऱ्या मुलानं नोंदी पाहिल्या. ओल धोक्याच्या पातळीखाली, नियमाप्रमाणे पाणी दिलेलं, कुठं चूक नाही. पडद्यावरचा मोठा आकडा तर त्या बागेत सुधारलेला होता! त्यानं तात्यांना सांगितलं, "तात्या, झाडं सुकत होती, सिस्टिमनं वाचवली." त्यात उर्मटपणा नव्हता, त्याला तसंच वाटत होतं. तक्रार "वापरकर्त्याचा गैरसमज" या रकान्यात गेली. आणखी तीन बागांतून तसेच फोन आले तेव्हा कुठे विषय वर पोहोचला. ताणाच्या महिन्यात पंधरवडा गेला म्हणजे निम्मा ताण गेला.

त्याच दिवसांत दुसरी तक्रार वेगळ्याच गावातून येत होती. तिथं एकाच डीपीवर, म्हणजे शेतपंपांना वीज देणाऱ्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर, कंपनीच्या सात पेट्या झाल्या होत्या. एक बाग पाहून शेजारच्यानं घेतली, त्याची पाहून पुढच्यानं. लाईट आली की पंप चालू व्हायचे, मिनिटाभरात सगळे पडायचे, पुन्हा चालू, पुन्हा बंद. स्टार्टरचे कॉन्टॅक्ट जळाले, डीपीचे फ्यूज उडाले, वायरमन वैतागला. त्या गावाचं म्हणणं साधं होतं: पेट्या नव्हत्या तेव्हा हा ताप नव्हता.

कंपनी या दोन तक्रारी दोन वेगळ्या माणसांकडे देऊन मोकळी झाली होती.

नोंदींतून काय दिसलं

आधी बागेचं. तात्यांच्या पेटीच्या नोंदी ताण सुरू झाल्यापासून ओळीनं वाचल्या तर तीन गोष्टी एकावर एक चढलेल्या दिसतात.

पहिली, जीवरक्षक पाण्याचा नियम. ॲपमधलं बटण वेळापत्रक थांबवायचं, हा नियम थांबवायचं नाही. यंत्रणेच्या दृष्टीनं कोरडी जमीन म्हणजे बिघाड आणि माणसाचं गप्प राहणं म्हणजे विसर. ताण धरणारा माणूस मात्र महिनाभर मुद्दामच गप्प असतो.

दुसरी गोष्ट मला जास्त रोचक वाटली. ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर मातीचा डायइलेक्ट्रिक गुणांक, म्हणजे माती विजेचा भार किती साठवू देते ते, मोजतो. पाण्याचा हा गुणांक ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा तीन ते पाच आणि हवेचा एक. माती वाळून आकसली की सेन्सरच्या पात्यापासून सुटते, मध्ये हवेची फट पडते आणि आकडा खऱ्या ओलीपेक्षा बराच खाली जातो. म्हणजे ताण जसजसा बसत गेला तसतसा सेन्सर जास्त कोरडं सांगू लागला. वरून सोडलेलं थोडं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जायचं, सेन्सरला ते जाणवायचं नाही, आणि पेटी समजायची की मात्रा कमी पडली.

तिसरी, रात्रीचं शिकणं. पाणी दिलं तरी ओल वाढत नाही, आणि आधीचे पंधरा दिवस ती सतत उतरत होती. यावरून सर्व्हरनं निष्कर्ष काढला की ही जमीन फार लवकर वाळते. मात्रा वाढवावी, उंबरठा वर घ्यावा. दर रात्री थोडं थोडं. माणसानं पाणी तोडल्यामुळे उतरलेली ओल आणि जमिनीच्या स्वभावामुळे उतरलेली ओल या दोन्ही एकाच खात्यात जमा होत होत्या. ज्ञान नावाचा जो साठा चौकटीच्या मधोमध असतो, तो असा हळूहळू विटला. ताण संपल्यावरही ते विटलेले आकडे तसेच राहिले असते, हे सगळ्यात वाईट.

एका बागेत सेन्सर बाद ठरवून पेटी हवामानाच्या अंदाजावर गेली होती. तिथंही सुटका नव्हती. तो अंदाज पानांनी भरलेल्या झाडाचा होता, आणि ताणावरच्या झाडाची पानं गळत असतात.

आता डीपीचं. प्रत्येक पेटी व्होल्टेज मोजायची, ते बरं दिसलं की पंप चालू करायची. थ्री फेजची मोटर थेट चालू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. सात पेट्यांना व्होल्टेज एकाच क्षणी बरं दिसे, सातही मोटरी एकदम सुटत, व्होल्टेज कोसळे, सातही पेट्या मोटर वाचवायला ती बंद करत आणि ठरलेला तेवढाच वेळ थांबून पुन्हा तेच. आलेखात करवतीचे दाते दिसतात तसं. थांबण्याची मुदत होती, पण सगळ्यांची सारखी. ढगातल्या सर्व्हरांची संख्या आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणांमध्ये अशी मुदत ठेवतातच. कुबरनेटीस ही त्यातलीच एक; ती पॉड, म्हणजे प्रोग्रामच्या चालू प्रती, कमी करण्याआधी मुळात पाच मिनिटांचा मागोवा घेते. त्यानं एका लूपची, म्हणजे मोजणं-ठरवणं-करणं या एका फेऱ्याची, घालमेल थांबते. सात लूप एकाच तारेवर बसलेले असतील तर सारखी मुदत त्यांना उलट एका तालात बांधते.

दोन्ही तक्रारी शेजारी ठेवल्यावर माझं मत बनलं ते असं: जमिनीशी जुळवून घेण्यात यंत्रणा हुशार होती, पण तिच्या भोवती जुळवून घेणारे आणखी कुणी आहेत हे तिच्या हिशेबातच नव्हतं. तात्याही निरीक्षण करतात, अंदाज बांधतात, ठरवतात आणि करतात. शेजारची पेटीही तेच करते. यंत्रणेच्या लेखी हे दोघेही नुसता अडथळा होते, पावसासारखा किंवा उन्हासारखा. अडथळ्यावर मात करायची असते, त्याला विचारायचं नसतं.

कोणते पर्याय तपासले

बैठक लांबली. एका भागीदाराचं म्हणणं, शिकणं-बिकणं काढून टाका, टायमरवर जा. बागायतदाराला जे कळतं तेच विका. यात दम होता, पण टायमर लाईटच्या बदलत्या पाळ्यांपुढे टिकत नाही, आणि ज्या बागांना पेटीचा खरा फायदा झाला होता त्यांचं पाणी पुन्हा माणसाच्या फेरीवर आलं असतं.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या दोघांना उलट वाटत होतं: सेन्सर वाढवू, झाडाच्या छत्रीचं तापमान मोजू, टेन्शिओमीटर (माती पाणी किती जोरानं धरून ठेवते ते मोजणारी पाण्याची नळी) लावू, पेटी स्वतःच ओळखेल की बाग ताणावर आहे. मला हा मार्ग फसवा वाटला. टेन्शिओमीटरमधला पाण्याचा स्तंभ ८० किलोपास्कलच्या आसपास तुटतो, म्हणजे ताण बसायला लागला की तो मुका होतो. शिवाय ताणानं पिवळं पडलेलं झाड आणि मर रोगानं पिवळं पडलेलं झाड यांतला फरक अनुभवी बागायतदारालाही कधीकधी मुळाशी जाऊनच कळतो. आणि मुख्य म्हणजे बहर कुठला धरायचा हे झाडात कुठं लिहिलेलं नसतं. ते बाजारभाव, शेततळ्यातलं पाणी, मजुरांची उपलब्धता आणि घरातली कामं पाहून ठरतं. फोन करून विचारलं तर मिनिटात कळणारी गोष्ट यंत्रानं महिनाभर हुडकत बसायची, यात हुशारी कसली?

तिसरा पर्याय, प्रत्येक बदलाआधी मालकाची परवानगी. हा त्यांनी चार बागांत खरंच करून पाहिला. दिवसाला इतके निरोप येऊ लागले की माणसं न वाचता "हो" दाबू लागली. परवानगी कागदावर राहिली, जबाबदारी मात्र मालकाच्या गळ्यात पडली.

चौथा, जो शेवटी घेतला: बागेची अवस्था माणसानं सांगायची, आणि त्या अवस्थेच्या कुंपणात यंत्रणेनं हवं तसं जुळवून घ्यायचं. ताण, पहिलं पाणी, कळी, सेटिंग (फळ धरणं), फळवाढ, तोडणी, विश्रांती. प्रत्येक अवस्थेला वेगळं उद्दिष्ट. ताणात ओल खाली जाणं हेच उद्दिष्ट, तिथं जीवरक्षक नियमाचं रूपच वेगळं.

प्रत्यक्षात काय केलं

पहिलं काम नवीन काही लिहिण्याचं नव्हतं. चालू ताण वाचवायचा होता. संस्थापकांना वाटत होतं की नवीन सॉफ्टवेअर रातोरात सगळ्या पेट्यांवर चढवावं. शेतावर फिरणाऱ्या मुलीनं विरोध केला. ती म्हणाली, "सर, चढवताना लाईट गेली तर पेटी उठणारच नाही, आणि मग मेन व्हॉल्व्ह उघडा राहिला की मिटलेला, ते जाऊन बघावं लागेल. सगळीकडे आपण एका दिवसात पोहोचू का?" माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तिच्या या प्रश्नातून निघाला. सॉफ्टवेअर जसं होतं तसंच ठेवलं. पेटीला एसएमएसनं आकडे बदलता येत होते, त्याचा वापर करून सगळीकडे रात्रीचं शिकणं गोठवलं आणि मार्चअखेरचे आकडे परत बसवले. बागायतदारांना एकेक फोन करून विचारलं, ताणावर आहात का. जे आहेत त्यांचा जीवरक्षक पाण्याचा उंबरठा शून्यावर आणला. फोन करायला संस्थापकही बसले.

नवी रचना पावसाळ्यात झाली. अवस्था जाहीर करताना शेवटची तारीख द्यावीच लागते. तारीख आली की पेटी आपण होऊन पाणी सोडत नाही, आवाजी फोन लावते आणि उत्तर घेते. उत्तर नाही मिळालं तर कंपनीतलं माणूस फोन करतं. लग्नघरातला विसर असा सांभाळला गेला. शिकण्याला लगाम बसला: आठवडाभरात आकडे किती सरकू शकतात याला मर्यादा, आणि माणसानं पाणी तोडलं असेल त्या दिवसांच्या नोंदी शिकण्यात धरायच्याच नाहीत. सेन्सरवर आंधळा विश्वास ठेवणं बंद केलं. त्या दिवशीच्या उन्हा-वाऱ्यात होऊ शकतं त्याहून जास्त वेगानं ओल उतरली, किंवा पाणी दिल्यावर आकडा हललाच नाही, तर तो सेन्सर संशयित धरायचा आणि त्याच्या शब्दावर मात्रा वाढवायची नाही.

पेटीनं काय केलं आणि का केलं, हे रोज सकाळी एका मराठी वाक्यात मोबाइलवर जाऊ लागलं. उदाहरणार्थ, "दोन नंबरच्या प्लॉटला काल पाणी कमी दिलं, कारण व्होल्टेज कमी होतं." हे करायला सगळ्यात कमी खर्च आला आणि फोन सगळ्यात जास्त यानंच कमी झाले.

डीपीसाठी जुनाच उपाय उचलला. १९७६ साली मेटकाफ आणि बॉग्ज यांनी इथरनेटचं वर्णन केलं, त्यात हीच अडचण होती: एकाच तारेवर दोन यंत्रं एकदम बोलली की दोघांचंही बोलणं वाया जातं. तोडगा असा की दोघांनी थांबायचं, पण प्रत्येकानं आपापला यादृच्छिक वेळ, आणि पुन्हा टक्कर झाली तर तो वेळ निवडायचा पल्ला दुप्पट करायचा. पेट्यांनाही तसंच शिकवलं.

काय निष्पन्न झालं

तात्यांच्या बागेत त्या वर्षीचा मृग पूर्ण सावरला नाही. त्यांच्यासमोर तीन वाटा होत्या: ताण लांबवावा आणि जूनच्या पावसात सापडण्याचा धोका घ्यावा, जसा बसला तसा बहर धरावा, किंवा मृग सोडून त्यानंतरचा, पावसाळ्याच्या शेवटी येणारा हस्त बहर धरावा. त्यांनी बाग वाटून घेतली. ज्या अंगाला ताण बरा बसला होता तिथं मृग धरला, हिरव्या राहिलेल्या अंगाला हस्ताची वाट पाहिली. आपल्याकडे वर्षाचा पाऊस बेताचा, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा, आणि हस्ताचा ताण नेमका त्याच सुमाराला. त्या वर्षी ऐन ताणात पाऊस पडला. हस्ताची कळीही मागंपुढंच निघाली. यात पेटीचा दोष नव्हता, पण तात्यांना तसं सांगण्याच्या भानगडीत कंपनी पडली नाही, हे शहाणपणाचं झालं. वर्षाची फी माफ केली. तात्यांनी पेटी काढली नाही; रात्री जावं लागत नाही, एवढं कारण त्यांना पुरेसं होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये ताणावरच्या बागांत चोरटं पाणी कुठंही गेलं नाही. एका बागेत मात्र तारीख संपल्यावर फोन लागला नाही, कारण पेटीच्या सिमचं रिचार्ज संपलेलं होतं. कंपनीतल्या माणसानं मालकाला गाठलं, तोवर पहिल्या पाण्याला दोन दिवस उशीर झाला. मोठं नुकसान नव्हतं.

डीपीवर जे झालं त्याचा अंदाज कुणालाच नव्हता, मलाही. फ्यूज उडणं थांबलं, पण महिन्याभरात त्याच सात जणांची नवी तक्रार आली: आमचेच पंप मागं का? त्या डीपीवर बाकीचे पंप साध्या ऑटो स्टार्टरवर होते. लाईट येताच ते धाडकन सुटायचे. कंपनीच्या पेट्या सभ्यपणे थांबायच्या, व्होल्टेज कमी दिसलं की आणखी थांबायच्या. जो माघार घेतो त्यालाच पाणी कमी मिळायला लागलं. इथरनेटच्या तारेवर सगळे एकच नियम पाळतात, म्हणून तो चालतो. डीपीवर तसं बंधन कुणावर नव्हतं.

यावर सॉफ्टवेअरमधून उत्तर निघालं नाही. एका रविवारी देवळात बैठक झाली, वायरमनला बोलावलं, आणि डीपीवरच्या सगळ्यांनीच, पेटीवाले असोत की नसोत, पंप सुटण्याचा क्रम ठरवून घेतला. साध्या स्टार्टरला वेगवेगळ्या मुदतीचे टायमर लावले. ते स्वस्तात मिळतात. दर महिन्याला क्रम एकानं पुढं सरकतो. पेट्यांना तो क्रम सांगितला आणि यादृच्छिक थांबणं फक्त राखीव म्हणून ठेवलं. क्रम मोडल्यावरून कधीमधी वाद होतात, ते गावात मिटतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, दुसरी आवृत्ती लिहिण्यापूर्वी एका बागायतदाराबरोबर बसून त्याचं बारा महिन्यांचं कॅलेंडर मांडायला हवं होतं. कंपनीतल्या मुलांना ताण माहीत नव्हता असं नाही, त्यांच्या घरीच बागा! पण घरी माहीत असलेली गोष्ट कार्यालयात उद्दिष्टाच्या रकान्यात उतरली नाही. चाचण्या झाल्या त्या जानेवारी ते मार्च, फळवाढीच्या काळात, जेव्हा ओल टिकवणं हेच खरोखर उद्दिष्ट असतं.

पडद्यावरचा तो मोठा आकडा मी आधीच बदलला असता. यंत्रणा ज्या मापानं स्वतःला सुधारते, त्याच मापानं तिची परीक्षा घेतली तर ती नेहमी पास होणार. निदान एक माप बाहेरचं हवं होतं: मालकानं हातानं किती वेळा हस्तक्षेप केला. नोंदीत हे होतं. तात्या दुसऱ्या आठवड्यापासून मेन व्हॉल्व्ह हातानं मिटत होते आणि पेटी त्याची नोंद "दाब नाही, बिघाड शक्य" अशी करत होती. ते कुणी वाचलं असतं, तर फोन येण्याआधी कळलं असतं.

एकाच डीपीवर दुसरी पेटी बसवताना थांबून विचार करायला हवा होता. एका पेटीची चाचणी कितीही केली तरी सात पेट्यांचं वागणं त्यात दिसत नाही. कार्यालयातल्या टेबलावर सात पेट्या एका कमजोर पुरवठ्यावर जोडून पाहणं हे अर्ध्या दिवसाचं काम होतं.

जीवरक्षक नियमाबद्दल माझं आणि संस्थापकांचं अजून जमलेलं नाही. त्यांना तो नियम काढून टाकायचा आहे. माझ्या मते नव्या लागवडीत तो राहिलाच पाहिजे, कारण तिथं ताण नसतो आणि विसरणं महागात पडतं.

एक गुंता उरलेला आहे. बऱ्याच बागांचे मालक पुण्यात नोकरीला असतात आणि बाग वाटेकरी पाहतो. ॲप मालकाच्या मोबाइलवर, डोळे वाटेकऱ्याचे. यंदा एका बागेत मालकानं पुण्यातून तोडणी जाहीर केली, तेव्हा वाटेकरी अजून फळवाढीचं पाणी देत होता. पेटी दोघांच्या मध्ये सापडली. सध्या कंपनीनं असं ठरवलंय की ताण सुरू करणं आणि मोडणं या दोन बाबतींत बागेत हजर असलेल्या माणसाचा नंबरच प्रमाण, आणि मालकाला फक्त निरोप. दोन मालकांनी यावर नाराजी कळवली आहे, एकानं पेटी परत केली आहे.